फुलावर जाऊ नका, पान चोळून बघा: माळावरची रानमोडी कशी ओळखायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोरेगावला तबेला, अठरा म्हशी. मुरबाडजवळ सात एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी, जमीन आहे. तिथलं गवत दरवर्षी कापून, गासड्या बांधून मुंबईला आणतात. गेल्या तीन वर्षांत माळावर कमरेएवढी झुडपं वाढली आहेत आणि जानेवारीत त्यांवर पांढरट-जांभळट फुलांचे झुपके येतात. गडी तिला घाणेरी म्हणतात, शेजारचे शेतकरी ओसाडी म्हणतात, आणि मोबाईलवरचं ॲप दर वेळी नवं नाव सांगतं. म्हशी तोंड लावत नाहीत. तर हे नेमकं काय आहे, गवतात आलं तर चालेल का, आणि काढायचं कसं? सोबत दोन फोटो आहेत.

तुमच्या माळावर आहे ती रानमोडी. शास्त्रीय नाव क्रोमोलिना ओडोराटा. जुन्या वनस्पतिग्रंथांत शोधाल तर युपॅटोरियम ओडोरॅटम या नावाखाली सापडेल. तिची ओडोराटा ही प्रजाती १९७० साली क्रोमोलिनात हलवली गेली. कुळ सूर्यफुलाचं, मूळ मुलूख उष्ण कटिबंधातली अमेरिका. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून ती भारतात शिरली असं मानतात. तिथून आसाम, केरळ, पश्चिम घाट आणि कोकण असा तिचा प्रवास झाला. ही बहुवर्षायू आहे, म्हणजे वरचा पाला उन्हाळ्यात वाळून गेला तरी बूड जिवंत राहतं आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतं. तुमच्या तीन वर्षांच्या हिशेबाचं उत्तर यातच आहे. दरवर्षी नवं झाड येत नाही, जुनंच दरवर्षी जाड होतं.

आता फोटोंबद्दल. फुलाचा जवळून काढलेला फोटो सुंदर आहे आणि ओळखायला जवळजवळ निरुपयोगी आहे. निदान झालं ते दुसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात चुकून आलेल्या फांदीवरून. ॲपचं चुकतं तेही इथेच. त्याला सगळे जण फुलाचा फोटो देतात, आणि अशा पांढरट-जांभळट केसाळ झुपक्यांची निदान चार-पाच झाडं आपल्या भागात आहेत. शिवाय फूल दिसेपर्यंत गवताची कापणी उरकलेली असते. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला झाडाचं नाव कळतं, त्या दिवशी ते गासडीत बसून तबेल्यात पोहोचलेलं असतं. म्हणून फुलाशिवाय ओळखता येणं हेच खरं काम आहे.

एक पान तोडा आणि पाठ वर करून उजेडात धरा. देठ जिथे पात्याला मिळतो तिथून, किंवा त्याच्या किंचित वरून, तीन ठळक शिरा निघतात. मधली सरळ टोकाकडे जाते, बाजूच्या दोन कमानीसारख्या वळत वर चढतात. त्रिशूळ डोळ्यांसमोर आणा, तसंच दिसतं. पात्याचा आकार त्रिकोणी, बुडाशी रुंद, टोकाला निमुळता. कडेला दाते आहेत, पण करवतीसारखे बारीक नाहीत. एका बाजूला मोजकेच, मोठे आणि विषम असतात, आणि तेही पात्याच्या मधल्या भागात. टोकाकडची कड साधी असते. लांबी साधारण ५ ते १२ सेंटिमीटर, देठ १ ते ४ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना मऊ लव असते. अगदी कोवळी पानं कधी कधी जांभळट झाक मारतात, त्यामुळे वेगळं झाड समजून फसू नका.

मग तेच पान बोटांत जोरात चोळा. उग्र वास येतो, थोडा टर्पेंटाइनकडे झुकणारा. घाणेरीचा वास वेगळा असतो. तिखटसर, मसालेदार म्हणता येईल असा. ओसाडीचा तिसराच, बोकडासारखा. वास शब्दांत पकडायला अवघड असतो हे खरं, पण तिन्ही पानं एकापाठोपाठ एक चोळली तर गड्यांना पुन्हा सांगावं लागत नाही. फक्त मध्ये हात धुवा, नाहीतर तिसऱ्या पानाला पहिल्याचाच वास येतो.

नंतर खोड बघा. पानं समोरासमोर जोडीनं येतात. प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फांदी फुटते, तीही जोडीनं, त्यामुळे मुख्य दांड्याला दोन्ही बाजूंनी काटकोनात हात पसरल्यासारखं दिसतं. खोड गोल असतं. हे बोटांत फिरवून तपासा, नुसत्या नजरेवर विसंबू नका. काटे नाहीत. कोवळा दांडा ठिसूळ असतो, वाकवला की मोडतो, आणि आत पांढरा मऊ गाभा दिसतो. जुना बुंधा मात्र लाकडासारखा कडक. मोकळ्या माळावर झाड दीड-दोन मीटर उंचीचं झुडूप होतं. झाडाचा आधार मिळाला तर त्यावर रेलून याच्या दुप्पट-तिप्पट चढतं. बांधावरच्या आंब्याखाली किंवा करवंदीच्या जाळीत ती वेलीसारखी दिसली तर गोंधळू नका, झाड तेच.

आणि शेवटी बूड. एक झुडूप टिकावानं उकरून काढा. मुळं खोल जात नाहीत, बहुतेक जाळं वरच्या वीतभर मातीतच पसरतं. पण जमिनीच्या पातळीला, खोड आणि मूळ जुळतात तिथे, एक गाठाळ फुगीर गड्डा असतो. जुन्या झाडात तो मुठीएवढा किंवा त्याहून मोठा होतो आणि त्यावर तोडलेल्या जुन्या दांड्यांची खुंटं दिसतात. वर्षावर्षाला नवे फुटवे याच गड्ड्यावरच्या डोळ्यांतून येतात. ओसाडी आणि रानतुळस या एका हंगामात संपणाऱ्या झाडांना असा गड्डा नसतो. बारा महिन्यांत कधीही, पान नसलं तरी, ही एक खूण तुम्हाला निकालाजवळ नेते.

आता फुलाकडे येऊ, कारण आत्ता तुमच्यासमोर तेच आहे. झुपक्यातलं एक बोंड घ्या. ते साधारण सेंटिमीटरभर लांब आणि जेमतेम तीन मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे लांबोडकं, नळीसारखं. बाहेरून फिकट हिरवी खवल्यांसारखी पानं चार-पाच थरांत एकावर एक बसलेली असतात आणि प्रत्येकीवर हिरव्या उभ्या रेघा असतात. सूर्यफुलासारख्या पाकळ्या नाहीत. आत १५ ते ३५ बारीक नळ्या, पांढऱ्या किंवा फिकट जांभळ्या. त्यांतून बाहेर येणारे लांब धागे झुपक्याला केसाळ रूप देतात. बी काळपट, बारीक, चार-पाच मिलिमीटरचं, पाच कडा असलेलं. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा तुरा असतो.

या तुऱ्यावरून ओसाडीचा प्रश्न कायमचा सुटतो. ओसाडीचं बोंड आखूड, अर्धगोल, वाटीसारखं असतं आणि तिच्या बियांवर केस नसतात. केसांच्या जागी पाच टोकदार खवले असतात, साध्या भिंगातूनही दिसतात. पिकलेलं बोंड तळहातावर चोळून फुंकर मारा. रानमोडीचं बी म्हातारीसारखं उडून जाईल, ओसाडीचं तिथेच पडेल. पानातही फरक आहे. ओसाडीचं पान अंडाकृती, कडेचे दाते गोलसर आणि सगळ्या कडेभर सारखे. झाड गुडघ्याच्या आसपास, फार तर मांडीपर्यंत. शेजारी तिला ओसाडी म्हणतात ते अगदीच निराधार नाही, दोन्ही एकाच कुळातल्या आहेत आणि लांबून फुलांचा रंग जुळतो. पण पंचांग जुळत नाही. ओसाडी श्रावण-भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत फुललेली असते. रानमोडी दिवस लहान होण्याची वाट बघते. तिचा मुख्य बहर मार्गशीर्ष-पौषातला, आणि बी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उडतं. गणपतीला फुललेलं झाड दाखवून कुणी रानमोडी म्हणालं, तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.

घाणेरी म्हणजे टणटणी ओळखायला सोपी आहे. खोड चौकोनी आणि त्यावर उलटे आखूड काटे, पान खरखरीत आणि सुरकुतलेलं, एकाच गुच्छात पिवळी-केशरी-गुलाबी फुलं, आणि नंतर हिरवी, पिकल्यावर काळी होणारी फळं. रानमोडीला रसाळ फळ येतच नाही. कोकणात कुठल्याही वासाच्या झुडपाला घाणेरी म्हणायची सवय आहे, ती समजण्यासारखी आहे. पण तबेल्यासाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण दोघींचं विष वेगळं, लक्षणं वेगळी आणि उपचारही वेगळा. टणटणीनं यकृताला मार बसतो. कावीळ होते, आणि उन्हात उभ्या असलेल्या जनावराची नाकाभोवतीची, कानांची, सडांची कातडी सोलवटते. वाळून गवतात गेली तरी ती विषारीच राहते. माळावर दोन्ही असतील तर डॉक्टरांना दोन्हींची नावं सांगा.

रानतुळसही अशा माळांवर भरपूर असते. समोरासमोर पानं आणि उग्र वास, म्हणून घोटाळा होतो. तिचं खोड चौकोनी, फुलं निळी-जांभळी आणि पानांच्या बेचक्यात. वाळलेल्या बोंडातलं बी पाण्यात टाकलं की सब्जासारखं बुळबुळीत फुगतं. भांबुर्डा वेगळा करायला पानांची मांडणी पुरते, त्याची पानं समोरासमोर नसून एकाआड एक असतात.

एका झाडाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण तिथे चूक झाली तर नुकसान उलट दिशेनं होतं. उतारावर कारवी, म्हणजे बऱ्याच वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप, असेल तर तिचीही पानं समोरासमोर असतात आणि न फुललेल्या वर्षांत ती नुसतं हिरवं झुडूप दिसते. सफाईच्या उत्साहात रानमोडीबरोबर कारवी उपटली गेली तर उताराची माती पुढच्या पावसात खाली येते. कारवीचं पान मोठं, लंबगोल आणि खरखरीत. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यासारख्या अनेक समांतर शिरा निघतात. त्रिशूळ नाही आणि चोळल्यावर तो टर्पेंटाइनसारखा वासही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलात तर कारवीचे पट्टे आणि रानमोडी दोन्ही बघायला मिळतील. गड्यांपैकी एकाला तिथे एकदा नेऊन दाखवणं वर्णनं वाचून दाखवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

गोरेगावात तुमच्यासमोर उभं झाड नसतं, गासडी असते. तिथे ओळखायचं कसं? वाळल्यावर रानमोडीची पानं गवतासारखी पिवळी न पडता तपकिरी-काळी होतात आणि हात लागताच चुरा होतात. बराचसा पाला गासडीच्या तळाशी किंवा तबेल्याच्या फरशीवर चुऱ्याच्या रूपात मिळतो, म्हणून गासडी सोडल्यावर खालचा चुरा आधी बघा. एखादं बऱ्यापैकी अखंड पान सापडलं की ते कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा आणि पांढऱ्या कागदावर बोटानं हलकेच पसरवा. तीन शिरा स्पष्ट दिसतात. वास वाळल्यावर बराच कमी होतो, त्यामुळे वास येत नाही म्हणजे ते नाही असं धरू नका. काड्यांत मात्र शंका राहत नाही. गवताची काडी पोकळ किंवा चिवट, पेऱ्यावर एकच पान. रानमोडीची काडी कडक, पेऱ्यावर समोरासमोर दोन वण आणि मोडल्यावर पांढरा गाभा. एका लॉटमधल्या वेगवेगळ्या पाच-सहा गासड्यांच्या आतून मूठ-मूठ गवत काढून किलोभर नमुना करा आणि पोत्यावर पसरून वेगळं करा. गासडीच्या बाहेरच्या बाजूवरून अंदाज बांधला तर फसाल.

चालेल का, याचं उत्तर: नाही. आणि यात धोका कुठे आहे ते नीट समजून घ्या. रानमोडीच्या पानांत, विशेषतः कोवळ्या फुटव्यात, नायट्रेट भरपूर साठतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं. ते रक्तात शिरून हिमोग्लोबिनचं असं रूप करतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. चारा वाळवल्यानं नायट्रेट जात नाही. हा गैरसमज मुंबईतल्या तबेल्यांत सर्रास आहे, बहुधा इतर काही विषारी झाडं वाळवल्यावर निवतात म्हणून. मुरघासात, म्हणजे ओला चारा हवाबंद करून आंबवल्यावर, ते बरंच कमी होतं, पण म्हणून रानमोडीचा मुरघास करा असं कुणी सांगू नये. फुलांत आणि मुळांत यकृताला घातक अशी अल्कलॉइडंही सापडली आहेत. जानेवारीत या फुलांवर रुईच्या चिकावर वाढलेली मोठी, संथ उडणारी फुलपाखरं गोळा होतात ती याच द्रव्यांसाठी. दृश्य सुंदर असतं, पण चाऱ्याच्या बाबतीत तो चांगला शकुन नाही.

तुमच्या म्हशी तोंड लावत नाहीत, हे माळावर खरं आहे. तबेल्यात ते खरं राहत नाही, आणि त्याचं कारण चारा बारीक कापणारं कुट्टी मशीन. उभ्या झाडापाशी किंवा अखंड काडीच्या गवतात म्हैस जिभेनं निवड करते आणि नको ते गव्हाणीत उरवते. गव्हाणीत नेहमी कडक काळ्या काड्या उरत असतील तर ती तुमची फुकटची तपासणी आहे, रोज बघा. पण कुट्टी केली, वर पेंड आणि भुसा मिसळला, पाणी शिंपडलं की निवड संपली. म्हणून संशय असलेलं गवत कुट्टीला घालू नका. आधी निवडून काढा, निवडणं परवडत नसेल तर ती गासडी खाली अंथरायला वापरा. तीही तबेल्यातच अंथरणार असाल तर जनावर पोटभर चांगला चारा खाऊन उभं असलेलं बघा. उपाशी म्हैस अंथरलेलंही खाते. गाभण म्हशींना असं गवत अजिबात नको. जीव वाचला तरी गाभ पडू शकतो.

लक्षणं खाल्ल्यापासून काही तासांत दिसतात. श्वास भराभर, तोंडाला फेस, अंग थरथरणं, चालताना तोल जाणं, आणि मुख्य म्हणजे हिरड्या, डोळ्यांची आतली कातडी लालसर न राहता तपकिरी-निळसर होणं. रक्त चॉकलेटी दिसतं. असं दिसलं तर चारा ताबडतोब उचला, जनावराला पळवू नका, उभं-बसं करू नका आणि डॉक्टरांना फोनवरच ‘नायट्रेटचा संशय’ हे शब्द सांगा, म्हणजे ते त्यावरचं औषध, मिथिलीन ब्लू, बरोबर घेऊन येतील. ते शिरेतून, वजनाच्या हिशेबानं देतात. हे काम डॉक्टरांचंच. गूळ-ताक पाजत अर्धा तास घालवू नका. शिल्लक चाऱ्याचा नमुना पिशवीत ठेवा. चाऱ्यातलं नायट्रेट प्रयोगशाळेत मोजता येतं. सुक्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास आकडा आला तर तो चारा एकटा देण्याजोगा नाही, हे धरून चला. नमुना कुठे द्यायचा याची विचारणा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात करता येईल.

आता काढायचं कसं. आत्ता, जानेवारीत, एकच काम तातडीचं आहे: बी उडू न देणं. एका मोठ्या झाडाला हजारोंनी बी येतं आणि ते वाऱ्यानं, कपड्यांना, गाडीच्या ताडपत्रीला चिकटून जातं. फुलांचे झुपके कोयत्यानं तोडून थेट पोत्यात भरा, जमिनीवर टाकू नका. तोडलेल्या फांदीवरचं अर्धवट पिकलेलं बोंडसुद्धा पुढे पिकू शकतं. ती पोती मोकळ्या जागेत, गवतापासून लांब, नजरेखाली जाळा. त्यानंतर झाड साधारण हात-दीड हात उंचीवर छाटा. जमिनीलगत छाटायचा मोह होतो, तो आवरा. ठेवलेला खुंट पुढे जूनमध्ये धरून ओढायला मूठ म्हणून कामाला येतो, शिवाय गवत उगवल्यावर झाड कुठे होतं ते सापडतं. या दिवसांत गड्डा खणायचा प्रयत्न केला तर माती इतकी कडक असते की दांडा तुटतो आणि डोळे आतच राहतात.

माळ पेटवून देणं हा उपाय नाही, उलट ती रानमोडीची सोय आहे. तिच्या वाळलेल्या काड्या आणि तेलकट पाला भडकून जळतो, आग मोठी होते आणि आजूबाजूचं गवत, रोपटी मरतात. गड्डा मात्र जमिनीच्या पातळीला बऱ्याचदा वाचतो. जूनमध्ये तिला उघडी माती, राख आणि उजेड तिन्ही मिळतात आणि गवताच्या आधी ती वर येते. ज्या वरकसावर दरवर्षी होळीच्या आसपास वणवा लागतो, तिथे रानमोडी दरवर्षी दाट होताना दिसते त्याचं कारण हेच.

खरी खणणी पाऊस सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर. माती मऊ, फुटवे वीतभर. एकानं खुंट धरून रेटायचा आणि दुसऱ्यानं टिकाव तिरका घालून गड्डा खालून उचकायचा. गड्डा अखंड निघाला पाहिजे. मागे राहिलेल्या मुळांच्या बारीक तारांची काळजी करू नका, गड्ड्याच्या तुकड्याची करा. माती झटकून झाड मुळं वर करून कातळावर किंवा बांधाच्या दगडांवर टाका. ओल्या जमिनीवर आडवं पडलेलं झाड पेऱ्यांतून मुळं धरतं, आणि दसऱ्याला तुम्हाला वाटतं की काढलेलं परत कसं आलं. फूल न आलेला हा पाला कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा भातखाचरात गाडायला उत्तम. त्यातलं जे नायट्रोजन म्हशीला मारक, तेच भाताला खत.

सुरुवात दाट पट्ट्यापासून करू नका. सगळ्यांना तिथेच हात घालावासा वाटतो, आणि आठ दिवसांत मजूर, पैसा आणि उत्साह तिन्ही संपतात. जिथे झाडं विरळ आहेत तिथून सुरू करा आणि दाट भागाकडे सरका. विरळ पाच एकर एका हंगामात स्वच्छ होतात आणि त्यांचं गवत लगेच तबेल्यात नेण्याजोगं होतं. दाट दोन एकर यंदा नुसते फुलू न देता ठेवले तरी चालतं.

जुलै-ऑगस्टमध्ये बियांची रोपं येतात. ती चार पानांची असतानाही त्रिशूळ शिर दिसते, दाते दिसतात. ओल्या मातीतून दोन बोटांनी निघतात. गुडघ्याएवढी झाली की टिकाव लागतो. हे बी उजेड मिळाल्याशिवाय नीट रुजत नाही, म्हणून खणलेले खड्डे उघडे सोडू नका. तिथे मारवेल या चाऱ्याच्या गवताचे ठोंब हातभर अंतरावर लावा, किंवा निदान बी आलेलं जुनं वाळकं गवत पसरून टाका. पावसाळ्याच्या सुरुवातीला गुरं मोकळी सोडून माळ खुरडून घेतला तर उपटण्यावर केलेला सगळा खर्च पाण्यात जातो. दाट गवताच्या सावलीत रानमोडीची रोपं तग धरत नाहीत, हेच तुमचं सर्वांत स्वस्त तणनाशक.

खऱ्या तणनाशकाबद्दल विचाराल म्हणून सांगतो. ग्लायफोसेट रानमोडीसोबत गवतही मारतं. २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं त्याची फवारणी कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित केली. तुमच्या माळाचं गवत दुभत्या जनावरांच्या पोटात जाणार आहे आणि सात एकर हाताच्या आवाक्यातले आहेत, त्यामुळे रसायनाची गरज दिसत नाही. जैविक उपायही विचारले जातात. रानमोडीच्या शेंड्यात गाठी करणारी एक माशी इंडोनेशियातून आणून २००५ मध्ये बंगळुरूला सोडली होती. असा उपाय विस्तृत जंगलासाठी असतो, एका मालकाच्या माळासाठी नव्हे.

सगळ्यांत जास्त फायदा देणारी फेरी सप्टेंबरच्या शेवटी, कापणीच्या आठ-दहा दिवस आधी. तेव्हा गवत पिवळसर पडायला लागलेलं असतं आणि रानमोडी गडद हिरवी उभी असते, बांधावरून नजर फिरवली तरी प्रत्येक झाड दिसतं. त्या दिवशी दोन माणसं माळ चालून राहिलेलं प्रत्येक झुडूप काढून बाहेर नेऊ देत. कापणाऱ्यांच्या हातात विळा आला की ते ओळ सोडत नाहीत, जे समोर येईल ते भाऱ्यात जातं, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कापणी दसरा-दिवाळीत उरकली तर गासडीत पाला आला तरी बी येत नाही. जानेवारीनंतर कापलेलं स्वस्त गवत विकत घेताना मात्र पाल्याबरोबर बीही येतं. आणि तुमची शेणखताची गाडी परतीच्या फेरीत मुरबाडला जात असेल तर ते बी गोरेगावहून पुन्हा तुमच्याच माळावर पोहोचतं.

ही कामं किमान तीन वर्षं धरा. दुसऱ्या वर्षी रोपं पहिल्यापेक्षा जास्त दिसली तर घाबरू नका, जमिनीतलं जुनं बी आता उजेडात येतंय.

ओळखीची पक्की खात्री करायची असेल तर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचा संग्रह) किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात नमुना दाखवा. त्यासाठी नुसतं फूल नेऊ नका. फुलांसकट हातभर फांदी, तिच्यावर समोरासमोरच्या पानांच्या निदान तीन जोड्या, एक पान पाठ वर करून, शिवाय गड्ड्याचा तुकडा. हे सगळं वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, रोज कागद बदलत चार-पाच दिवस वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुरबाडहून बसनं आणलेला नमुना काळा पडतो आणि वासाशिवाय त्यात काही उरत नाही. कागदाच्या कोपऱ्यात गाव, तारीख, झाडाची उंची आणि ताज्या फुलाचा रंग लिहा, कारण वाळल्यावर जांभळा रंग पांढऱ्यापासून वेगळा करता येत नाही.